'द वॉटर-बेबीज' वाचन प्रकल्प: कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

पुस्तक ठरलं. मंडळाच्या मुलांच्या वाचन गटासाठी यंदा चार्ल्स किंग्जलीचं 'द वॉटर-बेबीज' घेतोय. मुलं ९ ते १३ वयाची, लीड्समध्येच वाढलेली, वाचन इंग्रजीत आणि गप्पा मराठीत, घरात चालतं तसंच. एप्रिलच्या सुट्टीत एक सकाळ हॉलमध्ये आणि दुसऱ्या दिवशी मॅलमची, म्हणजे गोष्टीतला कडा जिथे आहे त्या गावाची, फेरी असा प्लॅन आहे. वाचनाची बाजू एक ताई बघणार आहेत, त्या इथे प्रायमरी शाळेत शिकवतात, आणि वस्तू बनवणं, माहिती गोळा करणं, फेरीची आखणी हे माझ्याकडे.

हेच पुस्तक का, तर एक म्हणजे गोष्टीतला डोंगर आणि कडा आपल्यापासून गाडीने तास-सव्वा तासावर आहे, मुलांना हात लावून बघता येईल. आणि दुसरं, मला स्वतःला ते सोडवत नाहीये. पहिली दोन प्रकरणं वाचून मी अक्षरशः हललो, मधला भाग वाचताना वैताग आला, काही पानांवर राग आला, आणि शेवटच्या प्रकरणात परत एकदा पकडलं. एकाच पुस्तकात हे सगळं कसं काय होतं ते मुलांसोबत उलगडून बघायचंय.

थोडी पार्श्वभूमी लिहून ठेवतो. किंग्जली जन्माने डेव्हनचा, १८१९ चा, हॅम्पशायरमधल्या एव्हर्सली गावचा पाद्री आणि १८६० पासून केंब्रिजला इतिहासाचा प्रोफेसर. मोठ्या तीन मुलांसाठी त्याने ग्रीक वीरांच्या गोष्टींचं पुस्तक आधीच लिहिलेलं होतं, धाकट्याचं राहिलं होतं, बायकोने एका सकाळी आठवण करून दिली तर हा उठला, अभ्यासिकेत जाऊन दार लावून बसला आणि थोड्याच वेळात पहिलं प्रकरण लिहून बाहेर आला. ही हकीकत तिनेच नंतर त्याच्या चरित्रात लिहून ठेवलीये. मग ऑगस्ट १८६२ ते मार्च १८६३ मॅकमिलन्स मॅगझिनमध्ये क्रमशः आणि १८६३ मध्येच पुस्तक. पहिलं प्रकरण एका दमात आलंय हे वाचताना कळतं, पुढची तशी नाहीत.

१८ जानेवारी

पहिलं प्रकरण परत वाचलं, पेन्सिल घेऊन.

टॉम घरांच्या चिमण्या, म्हणजे धुराडी, साफ करणारा पोरगा आहे, मालक मिस्टर ग्राइम्स. आंघोळ माहीत नाही, देवाचं नाव शिवीतच ऐकलेलं, अर्धा वेळ रडतो आणि अर्धा वेळ हसतो. रडतो कधी, तर अंधाऱ्या धुराड्यातून चढताना गुडघे आणि कोपरं सोलवटतात तेव्हा, डोळ्यांत काजळी जाते तेव्हा, मालक मारतो तेव्हा. हे सगळं किंग्जली भराभर सांगून टाकतो, कुठे गळा काढत नाही.

आणि मग टॉमचं स्वप्न येतं. मोठा झाल्यावर आपण मालक होऊ, गुत्त्यात बिअरचा मग आणि लांब पाइप घेऊन बसू, आपल्या हाताखाली एक-दोन पोरं असतील आणि त्यांना आपण असंच बडवू जसं ग्राइम्स आपल्याला बडवतो. आणि घरी जाताना काजळीची पोती त्यांच्या पाठीवर, आपण पुढे गाढवावर! मार खाणाऱ्या पोराचं सुखाचं स्वप्न काय, तर मारणारा होणं. लहान मुलांच्या पुस्तकात १८६२ साली हे लिहायला धीर लागतो, आणि माणूस नीट बघितलेला असावा लागतो. मला वाटतं पुस्तकाचा गाभा हाच आहे, परी, मासे, पाणी हे सगळं त्याच्याभोवती. ताईंनाही पटलंय. हा परिच्छेद मोठ्याने वाचायचाच, आणि वाचून झाल्यावर लगेच काही बोलायचं नाही, मुलांना आधी बोलू द्यायचं.

पुढे हार्टहोव्हर नावाचा मोठा वाडा, सर जॉनचा. तिथे धुराडी एकात एक मिसळलेली, टॉम वाट चुकतो आणि उतरतो तो थेट सर जॉनच्या मुलीच्या, एलीच्या, पांढऱ्याशुभ्र खोलीत. पलंगावर झोपलेली मुलगी, बाजूला पाण्याचं भांडं, साबण, ब्रश, टॉवेल. टॉमला वाटतं एवढं सगळं लागतं म्हणजे ही बाई फारच मळकट असणार, आणि तरी अंगावर तर एक डाग नाही. आणि मग आरसा. तो आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला बघतो आणि ओळखतच नाही. इथे किंग्जली त्याला काळं माकड म्हणतो. हा शब्द मी मार्जिनमध्ये खुणेने ठेवलाय, त्याच्यावर वेगळं लिहायचंय.

२५ जानेवारी

धुराड्यांची माहिती जमवली. माझं रोजचं काम बिल्डिंगमधल्या हवेच्या डक्टचं, त्यामुळे मापं बघितली की अंगावर येतातच.

त्या काळी नेहमीचं अरुंद धुराडं आतून १४ इंच बाय ९ इंच, म्हणजे दीड वीट बाय एक वीट. सेंटीमीटरमध्ये साधारण ३५.५ बाय २३. काही ठिकाणी ९ बाय ९ सुद्धा. सरळ वर जात नाहीत, वळणं घेतात, दुसऱ्या धुराड्याला जाऊन मिळतात, आणि मोठ्या घरांत उंची भरपूर. पोरगं चढायचं ते सुरवंटासारखं, एक हात डोक्यावर ब्रश किंवा खरवडणी घेऊन, दुसरा हात अंगाला चिकटलेला, पाठ एका भिंतीला आणि गुडघे समोरच्या. गुडघे घसरून हनुवटीखाली आले की संपलं, शरीराचीच पाचर बसते, वरही नाही आणि खालीही नाही. कपडे वर सरकून काखेत गोळा झाले तरी अडकायचं, म्हणून कितीतरी पोरं नागडीच चढवायचे.

कोपरं-गुडघे घट्ट व्हावेत म्हणून मिठाचं कडक पाणी चोळायचे आणि वर आगीजवळ उभं करायचे. १८६३ च्या सरकारी आयोगासमोर नॉटिंगहॅमच्या एका मालकाने हे स्वतः सांगितलंय, म्हणजे किंग्जलीचं पुस्तक आलं त्याच वर्षी. काजळी शेतात खत म्हणून विकली जायची, तिला पैसे मिळायचे, आणि पोरं रात्री त्याच पोत्यांवर झोपायची नि तीच पांघरायची. काजळीने होणारा कॅन्सर पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने १७७५ मध्येच नोंदवला होता. कामामुळे कॅन्सर होतो हे डॉक्टरीत नोंदवलं गेलं त्याचं हे सगळ्यात जुन्या उदाहरणांपैकी एक, आणि ते या पोरांच्या अंगावर.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडाली ती. जॉर्ज स्मार्टने पोकळ दांड्या एकात एक बसवून, आतून दोरी ओढून ताठ होणारा लांब ब्रश १८०३ मध्ये बनवला होता. १८०३! पुस्तकाच्या साठ वर्षं आधी. १८२८ मध्ये जोसेफ ग्लासने त्याहून चांगला केला. मशीन होतं, चालत होतं, स्वस्तही होतं. मग पोरं का चढत राहिली, तर वळणावळणाच्या धुराड्यात ब्रश जायचा नाही, धुराडी बदलायला खर्च येणार, आणि तो खर्च घरमालकाला करायचा होता. बंदीची बिलं हाऊस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे संसदेच्या सरदार-उमरावांच्या सभागृहाने, पुन्हा पुन्हा फेटाळली. ज्यांच्या घरात सगळ्यात जास्त चिमण्या तेच मत देणार!

कायद्यांची रांग मुलांसाठी पट्टीवर लिहायची आहे. १७८८, आठ वर्षांखालचं पोरगं नको. १८३४, थोडी सुधारणा. १८४०, एकवीसच्या आतल्या कोणालाही धुराड्यात चढवायचं नाही. म्हणजे टॉम ज्या वर्षी छापला गेला त्या वर्षी त्याच्या कामावर बंदीचा कायदा होऊन तेवीस वर्षं झाली होती.

२ फेब्रुवारी

धुराडं बांधायला घेतलं. आधी प्लायवूडचा विचार होता पण वजन फार आणि कडा लागतात, म्हणून डबल-वॉल पुठ्ठा. फ्रिजचे मोठे खोके ऑफिसजवळच्या दुकानातून फुकट मिळाले. आतलं माप बरोब्बर ३५५ बाय २३० मिलिमीटर, लांबी दीड मीटर, जोडांना गॅफर टेप, आतून काळा जाड कागद. एक लांब बाजू पूर्ण उघडते, तिला वेल्क्रो, म्हणजे कोणी घाबरलं तर एका झटक्यात मोकळं. आडवंच ठेवायचं, उभं अजिबात करायचं नाही. दोन्ही टोकं उघडी, एका वेळी एकच मूल, दोन मोठी माणसं बाजूला, ज्याला नको त्याला आग्रह नाही. हे नियम पालकांच्या ग्रुपवर आधीच टाकून ठेवले.

घरी धाकट्याला विचारलं, आत जाऊन बघतोस का. वय ९, खांद्यांची रुंदी मोजली तर ३१ सेंटीमीटर, मला वाटलं आरामात जाईल. दोन्ही हात पुढे केले तर डोकं आणि हात मिळून तोंडच बंद होतं. दोन्ही हात खाली ठेवले तर पुढे सरकायला काहीच उरत नाही. मग एक हात वर एक खाली केला, आपोआप खांदे तिरके झाले, आणि गेला. कोणीही न शिकवता शरीराने तीच पद्धत शोधली जी त्या पोरांची होती. आणि अर्ध्या मीटरवर टी-शर्ट वर सरकून काखेत गोळा झाला, "बाबा, अडकलं" म्हणाला. मी वेल्क्रो खेचला. वाचलेलं सगळं एकीकडे आणि ते दोन शब्द एकीकडे.

१५ फेब्रुवारी

या आठवड्यात केंब्रिजजवळ फुलबर्नच्या जुन्या हॉस्पिटलच्या इमारतीला स्मृतिफलकाची निळी पाटी लागली, जॉर्ज ब्रूस्टरच्या नावाची. वय ११. फेब्रुवारी १८७५ मध्ये तिथल्या धुराड्यात चढवलेला, अडकला, भिंत फोडून काढला, वाचला नाही. मालक विल्यम वायर, त्याला सहा महिने सक्तमजुरी. इंग्लंडमध्ये धुराड्यात चढताना मेलेलं हे शेवटचं पोर मानतात. त्याच वर्षी लॉर्ड शाफ्ट्सबरीने नवीन कायदा आणला, आणि त्यात एक साधी गोष्ट होती, चिमणी साफ करणाऱ्या प्रत्येकाला दरवर्षी पोलिसांकडून लायसन्स. लायसन्स हवं तर पोरगं वापरायचं नाही. बास. तेवढ्याने काम झालं.

किंग्जली जानेवारी १८७५ मध्ये गेला, ब्रूस्टरच्या थोडेच दिवस आधी. आयुष्यातली नऊ वर्षं तो त्याच केंब्रिजला प्रोफेसर होता.

हे यासाठी लिहितोय की 'द वॉटर-बेबीज'मुळे कायदा झाला असं सगळीकडे ठोकून सांगितलेलं सापडतं. पुस्तकानंतर वर्षभरात, १८६४ मध्ये, एक कायदा आला हे खरं, आणि पुस्तकाने लोकांची मनं तयार केली असणार हेही मी मानतो. पण १८६४ चा कायदाही १८४० सारखाच कागदावर राहिला, शिक्षा कडक झाली आणि पोरं चढतच राहिली. मुलांना सोपी गोष्ट सांगायचा मोह होतो, एका लेखकाने पुस्तक लिहिलं आणि पोरं सुटली. ती सांगायची नाही असं ताईंशी बोलून पक्कं केलं. आपल्याकडेही हाताने मैला साफ करण्याविरुद्धचा कायदा १९९३ चा, मग परत २०१३ चा, आणि गटारात उतरून माणसं अजून मरतातच. कायदा असणं आणि तो पाळायला लावणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे अकरा वर्षांच्या मुलाला कळतं, फक्त कोणीतरी नीट सांगायला हवं.

१ मार्च

मधली प्रकरणं. इथे निवड करायला लागणार, सगळं वाचलं तर मुलं झोपतील आणि मीही.

टॉम पळतो, माळरान तुडवत, कडा उतरून व्हेन्डेल नावाच्या दरीत पोचतो, तिथल्या शाळेतली म्हातारी त्याला दूध-पाव देते, गवतावर झोपवते. ताप चढलाय, चर्चच्या घंटा वाजतायत, आपण स्वच्छ व्हायलाच पाहिजे हे एकच डोक्यात, आणि तो नदीत शिरतो. तिथून तो पाण्यातलं बाळ. लांबी ३.८७९०२ इंच! पाच दशांश स्थळांपर्यंत. मानेभोवती कल्ले. धाकटीने शाडूसारख्या मातीचा टॉम करायला घेतलाय, बरोबर त्याच मापाचा, पुठ्ठ्याच्या धुराड्याशेजारी ठेवायला.

पाण्यातला भाग मुलांना आवडणार याची खात्री आहे, कारण किंग्जलीला किडे-मासे खरंच माहीत होते, त्याने समुद्रकिनाऱ्यावरच्या जीवांवर वेगळं पुस्तक लिहिलं होतं. कॅडिस अळीचं काडी-वाळूचं घर, कातडी फोडून बाहेर येणारा चतुर, पाणमांजर, सॅमन, सापळ्यात अडकलेला लॉबस्टर. टॉम सुरुवातीला या सगळ्यांना छळतो, कॅडिसचं दार उघडून बघतो, समुद्रफुलांच्या तोंडात खडे घालतो. जशी करणी तशी भरणी हे जिच्या नावातच आहे ती परीबाई येते आणि त्याच्याच तोंडात गार खडा घालते. मुलांना हा न्याय एकदम पटतो. मला हे पटलं की मार खाल्लेला टॉम पाण्यात गेल्या गेल्या कोणालातरी छळायला लागतो, पहिल्या प्रकरणातलं स्वप्न त्याने सोबतच आणलंय. अंग धुतलं तरी ते गेलेलं नाही.

ज्याची मला काळजी आहे ते वेगळंच. टॉम मेला का? सर जॉनच्या लोकांना पाण्यात काळं काहीतरी सापडतं, ते त्याला टॉमचं प्रेत समजून पुरतात, आणि निवेदक म्हणतो छे, ते तर त्याचं साल होतं, खरा टॉम आत जिवंत आणि धुतलेला. मोठ्या माणसाला सरळ दिसतं की पोरगं तापात बुडून मेलंय. ताई म्हणाल्या, मुलांनी विचारलं तर खरं उत्तर द्यायचं, नाही विचारलं तर आपण ओढून आणायचं नाही.

डार्विनचं एक. नोव्हेंबर १८५९ मध्ये किंग्जलीला डार्विनच्या उत्क्रांतीवरच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'ची प्रत प्रकाशनाआधीच मिळाली होती, त्याने डार्विनला मनापासून पत्र लिहिलं आणि डार्विनने त्यातलं वाक्य नाव न देता दुसऱ्या आवृत्तीत घेतलं. या पुस्तकात मदर कॅरी नावाची परी समुद्रात नुसती बसून आहे, ती वस्तू बनवत नाही, वस्तूंना स्वतःच बनायला लावते. पाद्री माणूस चार वर्षांत उत्क्रांती पचवतो आणि लहान मुलांच्या गोष्टीत घालतो, हे मला भारी वाटलं. मोठ्या मुलांसोबत हे पान वाचणार.

८ मार्च

पालकांची मीटिंग. वाईट पानांवरच सगळा वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता.

पुस्तकात आयरिश लोकांवर, अमेरिकनांवर, ज्यूंवर, काळ्या माणसांवर जाता जाता फटके आहेत. आळशी लोकांचं एक अख्खं राष्ट्र पिढ्यान् पिढ्या घसरत जाऊन माकडं होतं असा मोठा भाग आहे, त्यात जे वर्णन आहे ते आज कुठल्याही मुलासमोर तसंच वाचता येणार नाही. आणि मुळात सगळ्या पुस्तकभर काळं म्हणजे घाण आणि पांढरं म्हणजे चांगलं. आमची मुलं सावळी, शाळेत कधीतरी काहीतरी ऐकलेली. एका आईंनी स्पष्ट विचारलं, असं पुस्तक घ्यायचंच कशाला?

मी माझं मत सांगितलं. हे अजाणता झालेलं नाही. किंग्जलीने १८६० मध्ये आयर्लंडमधून बायकोला पत्र लिहिलं त्यात तिथल्या उपाशी गरिबांना चिंपांझी म्हटलंय, आणि पुढे जमैकात गव्हर्नर आयरने मोरंट बेच्या उठावानंतर जी कत्तल केली त्यात हा आयरच्या बाजूने उभा राहिला. त्याच माणसाने या गोष्टीतली सगळ्यात शहाणी, सगळ्या परींची राणी एक अनवाणी आयरिश बाई केलीये. एका पोराच्या सोललेल्या कोपराचं दुःख ज्याला इतकं जवळून दिसलं त्याला दुसऱ्या देशातली उपाशी माणसं माणसं म्हणून दिसली नाहीत. हे दोन्ही एकाच डोक्यात होतं आणि ते लपवून मुलांना फक्त पहिला किंग्जली द्यायचा हे मला मान्य नाही.

ठरलं असं. माकडांचं प्रकरण मोठ्याने वाचायचं नाही. ११ च्या वरच्यांना त्यात काय आहे ते आपल्या शब्दांत सांगायचं आणि आरशाचा प्रसंग वाचताना तो शब्द गाळायचा नाही, थांबून विचारायचं की काजळी धुतली जाते, मग लेखक तिला कातडीसारखं का वापरतोय. त्या आई म्हणाल्या, मी स्वतः तिथे बसणार. खूप बरं वाटलं.

२२ मार्च

मॅलमची पाहणी. ट्रेनने स्किप्टन, पुढे गाडी.

मॅलम कोव्ह म्हणजे चुनखडीचा आत वळलेला कडा, ८० मीटरच्या आसपास उंच, पायथ्यातून ओढा बाहेर पडतो. हाच टॉमचा कडा धरतात, आणि वरच्या मॅलम टार्न या तळ्याकाठचं घर, वॉल्टर मॉरिसनचं, जिथे किंग्जली पाहुणा म्हणून राहायचा, ते हार्टहोव्हर. कड्यावर उभे काळे पट्टे आहेत, शेवाळ आणि दगडफुलाचे. पुस्तकात म्हटलंय की टॉम उतरला तेव्हापासून कड्यावर काळा ओघळ आहे आणि व्हेन्डेलमध्ये काळे भुंगे वाढले, कारण त्यांच्या मूळ पुरुषाला, निळा कोट घालून लग्नाला निघालेला असताना, टॉमने काळं केलं. कड्याखाली उभं राहून हे वाचलं की मुलं हसणार, आणि हसून झालं की वर बघणार.

वर जायला डाव्या बाजूने पायऱ्या, चारशेच्या आसपास. माथ्यावर चुनखडीची फरशी, मध्ये खोल भेगा, भेगांत नेचे. ओलं असेल तर घसरतं, लहान मुलांना इथे हात धरूनच. टार्नमधून निघणारं पाणी थोड्याच अंतरावर जमिनीत गडप होतं, बघणाऱ्याला वाटतं हेच खाली कड्यातून निघत असणार, पण रंग सोडून बघितल्यावर कळलंय की ते मुख्यतः गावाच्या खाली एअरहेडच्या झऱ्यांना निघतं. म्हणजे एअर नदी. आमची, लीड्समधून वाहणारी! मुलांना नकाशावर बोट फिरवून दाखवायचं: मॅलम, स्किप्टन, कीथली, लीड्स, मग ऊझ, हंबर, समुद्र. व्हेन्डेल म्हणून जी दरी धरतात ती लिटनडेल, पलीकडची, तिचं पाणी व्हार्फमधून जातं, पण तेही शेवटी हंबरलाच. टॉम कुठूनही निघाला असता तरी तिथेच पोचला असता.

२९ मार्च

शेवटचं प्रकरण. यावर सगळ्यात जास्त वेळ द्यायचा.

टॉमला परी सांगते, जिथे जायला आवडत नाही तिथे जा, ज्याला मदत करावीशी वाटत नाही त्याला मदत कर. म्हणजे ग्राइम्सला. तो नदीत चोरून सॅमन पकडताना बुडून मेलेला. टॉम त्याला शोधत जातो तर तो ३४५ नंबरच्या चिमणीत अडकलाय, डोकं आणि खांदे फक्त बाहेर, तोंडात न पेटणारा पाइप. तोच पाइप, जो टॉमला मोठेपणी हवा होता. टॉम विटा ओढून बघतो, हलत नाहीत. त्याचं तोंड पुसायला बघतो, काजळी निघत नाही. ज्याने एवढं मारलं त्याचं तोंड पुसायला हा पोरगा हात पुढे करतो, तिथे मी पुस्तक मिटून बसलो. मग कळतं की व्हेन्डेलची म्हातारी ग्राइम्सची आई होती, ती आता नाही, आणि ग्राइम्स पहिल्यांदा रडतो, त्या रडण्याने काजळी धुतली जाते, विटांमधला चुना सुटतो, तो मोकळा होतो. पहिल्या प्रकरणातल्या स्वप्नाचं उत्तर किंग्जली इथे देतो आणि पूर्ण देतो. टॉम आता मालक होणार नाही.

पण माझी तक्रार आहे, आणि ती मुलांसमोर मांडणार. ३४५ नंबरमध्ये ग्राइम्स आहे. सर जॉन कुठे आहे? धुराडी त्याची, वळणं त्याच्या वाड्याची, लॉर्ड्समध्ये बसून बिलं पाडणारे त्याच्या वर्गातले, ब्रश १८०३ पासून बाजारात. पुस्तकात सर जॉन भला म्हातारा आहे, पोराला शोधायला घोडा घेऊन निघतो, हळहळतो. शिक्षा मात्र त्यालाच जो मुळात स्वतः गरीब आईचा पळून आलेला पोरगा होता. किंग्जलीला हे दिसत नव्हतं असं म्हणता येत नाही, १८५० मध्ये त्याने शिंप्यांच्या पिळवणुकीवर अख्खी कादंबरी लिहिली होती. परीबाई डॉक्टरांना, मास्तरांना, आयांना सगळ्यांना रांगेत उभं करून हिशेब करते. घरमालकांना रांगेत बोलावत नाही. पुस्तक माझं आवडतं आहे म्हणूनच हे लागतं.

१२ एप्रिल

हॉलमधली सकाळ झाली.

टॉमच्या स्वप्नाचा परिच्छेद वाचल्यावर बराच वेळ शांतता, मग एक मुलगा म्हणाला, पण त्याला दुसरं काही माहीतच नाहीये ना. ताईंनी तेवढंच फळ्यावर लिहिलं. धुराड्यात बहुतेक सगळे जाऊन आले, दोघांनी नको म्हटलं, त्यांनी वेल्क्रोची ड्यूटी घेतली आणि फार मनापासून केली. बाहेर आलेला प्रत्येक जण आधी कोपरं बघत होता. मातीचा टॉम हातोहात फिरला, एक पाय तुटला, लगेच चिकटवला.

आरशाच्या प्रसंगावर मी धरलं होतं त्यापेक्षा मुलं जास्त बोलली. एकीने शाळेतला अनुभव सांगितला, तो इथे लिहीत नाही. एकाने विचारलं, लेखक स्वतः कधी धुराड्यात गेला होता का? नाही, म्हटलं. मग त्याला एवढं कसं माहीत? बघून, विचारून, आणि त्या वेळी पेपरात, आयोगाच्या रिपोर्टात हे छापून येत होतं म्हणून. "मग सगळ्यांनाच माहीत होतं." हो, सगळ्यांना माहीत होतं.

टॉम मेला का, हे एका नऊ वर्षांच्या मुलीने विचारलंच. ताई म्हणाल्या, हो, मला वाटतं तो नदीत बुडाला, आणि लेखकाला ते सहन होत नाहीये म्हणून तो पुढची गोष्ट सांगतोय. ती म्हणाली, मलाही पुढची पाहिजे. वाचली.

३४५ नंबरवर मतदान घेतलं, त्या चिमणीत कोण हवं होतं. ग्राइम्सला फारच कमी मतं. सर जॉन जिंकला, लॉर्ड्सवाले दुसरे, आणि एका मुलाने चिठ्ठीवर लिहिलं, "कोणीच नको, ब्रश घाला."

१३ एप्रिल

मॅलम. हवा कोरडी, पायऱ्या ठीक. काळ्या ओघळाचं पान अपेक्षेप्रमाणे गाजलं. एअरहेडच्या झऱ्यापाशी डबे खाल्ले, मुलांनी पाण्यातले दगड उलटून कॅडिस अळ्या शोधल्या, सापडल्या, काडीकचऱ्याची घरं हुबेहूब पुस्तकातल्यासारखी, आणि कोणीही दार उघडलं नाही, दगड होते तसे परत ठेवले.

१९ एप्रिल

उरलेली कामं. धुराडं एका पालकांच्या गॅरेजमध्ये ठेवलंय, एक जोड उसवलाय, टेप बदलायचा. ब्रॅडफर्डच्या मंडळाने मागितलंय, देणार, पण नियमांचा कागद आणि दोन वेल्क्रोवाले ट्रेन करूनच. कायद्यांच्या पट्टीवर १८०३ चा ब्रश वेगळ्या रंगात मोठा करायचा, मागच्या रांगेला दिसला नाही. पुढच्या बॅचला पहिलं प्रकरण संपलं की मधलं सगळं बाजूला ठेवून लगेच शेवटचं वाचून बघू असं ताई म्हणतायत, टॉमचा पाइप आणि ग्राइम्सचा पाइप एकाच सकाळी समोर यावेत म्हणून. मला पटलंय. पाण्यातला भाग मग झऱ्यावरच वाचू.